वरच्यांकडून गळतंय, हे त्यांना पटवून कसं द्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सात मजली इमारत, वय पंचविशीच्या पुढे, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर. बाथरूमच्या छतातून आठ महिने पाणी ठिबकतंय. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणतात, "आमच्याकडे सगळं कोरडं आहे. दिवाळीत आम्ही आठ दिवस गावी होतो, पाण्याचा थेंब वापरला नाही, तरी तुमची गळती चालूच होती. मग ती आमची कशी?" तुम्ही फोटो पाठवलेत, सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलंत, दोन प्लंबर आणलेत आणि दोघांनी दोन वेगळी कारणं सांगितली. आता तुम्हाला हवंय काकांच्या मुद्द्याला बिनतोड उत्तर. ते नसेल तर वकिलाची नोटीस.

बिनतोड उत्तर आहे, खाली देतो. पण त्याने गळती थांबणार नाही. उत्तर दिल्यावर काका नवा मुद्दा काढतील, कारण "हो, आमच्याकडूनच येतंय" हे वाक्य त्यांच्यासाठी मत नाही, बिल आहे. ते एकदा तोंडातून गेलं की बाथरूम फोडणं, दोन-तीन आठवडे अंघोळीची दुसरीकडे सोय आणि सगळा खर्च अंगावर आला. नुसत्या बोलण्यावर हे कुणी ओढवून घेत नाही, तुम्हीही घेतलं नसतं. त्यामुळे त्यांना बोलून पटवणं हा खरा प्रश्न नाहीच. पाणी कुठून येतंय हे दोघांच्या डोळ्यांदेखत कसं बघायचं आणि जे दिसेल त्याचा अर्थ काय धरायचा हे ते दिसायच्या आधी कसं ठरवायचं, हा खरा प्रश्न आहे.

त्याआधी एक तातडीचं काम. छताचं पाणी दिव्याच्या पॉइंटमधून, एक्झॉस्ट फॅनपाशी किंवा गिझरच्या स्विचजवळ उतरत असेल, तर त्या सर्किटचा एमसीबी (मीटरबोर्डावरचा सुरक्षा स्विच) आजच खाली पाडा. स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून पाणी लांबवर वाहतं आणि पहिलं भोक मिळेल तिथे बाहेर पडतं. छताचे पोपडे सुटून आतली सळई दिसायला लागली असेल, तर त्याखाली उभं राहून अंघोळ करू नका आणि पुढे सांगितलेली पाणी साठवण्याची चाचणी इंजिनिअरने स्लॅब पाहिल्याशिवाय घेऊ नका.

आता काकांचा आठ दिवसांचा मुद्दा. तो खोटा नाही, अपुरा आहे. पंचवीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब साधारण फूटभर खाली बुडवलेला असतो, साइटवर त्याला संकन म्हणतात. त्या खड्ड्यात ड्रेनेजचे पाइप टाकतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि त्यावर टाइल्स बसवतात. चार फूट बाय सात फुटांचं बाथरूम धरा. खड्ड्याचं घनफळ झालं २८ घनफूट, म्हणजे जवळपास ८०० लिटर. भरावाचा पाचवा हिस्सा जरी पोकळ धरला तरी त्यात दीडशे लिटर पाणी मावतं. आता तुमची धार मोजा. दोन सेकंदांना एक थेंब पडतोय असं समजा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे तासाला ९० मिलिलिटर, दिवसाला साधारण सव्वादोन लिटर. खड्डा अर्धाच भरलेला असला तरी वर कुणी नळ न उघडता महिनाभर ठिबकत राहील. पाणी कमी होत जाईल तसा वेग मंदावेल, म्हणजे शेवटचे थेंब आणखी लांबतील.

शिवाय घराला कुलूप लावलं तरी गच्चीवरच्या टाकीतून आलेली पाइपलाइन भरलेलीच असते. भिंतीतल्या पाइपला बारीक छिद्र असेल, तर घरात माणूस असो वा नसो, ते चोवीस तास गळतं. म्हणजे आठ दिवसांच्या कुलपातून फक्त एवढंच कळतं की गळती रोजच्या वापराशी लगेच जोडलेली नाही.

हाच हिशेब तुमच्याही विरुद्ध जातो. उद्या काकांनी दुरुस्ती केली आणि पंधरा दिवसांनीही तुमच्याकडे थेंब पडत असले, तर "काम नीट झालं नाही" असं म्हणायला तुम्ही मोकळे नाही. आणि तुमचा आवडता मुद्दा, "आमच्यावर तुमचंच बाथरूम आहे, दुसरं कोण असणार?" तोही तितकाच लंगडा आहे. पाणी पाचव्या मजल्याहून डक्टच्या (बाथरूममागे पाइप उतरवायला सोडलेल्या उभ्या पोकळीच्या) भिंतीतून उतरू शकतं, शेजारच्या फ्लॅटच्या बाथरूममधून आडवं येऊ शकतं, किंवा डक्टमधल्या सामाईक पाइपच्या सांध्यातून तुमच्या स्लॅबमध्ये शिरू शकतं. छतावरचा डाग पाणी कुठे बाहेर पडलं एवढंच दाखवतो. दोन प्लंबरांनी दोन कारणं दिली यात नवल नाही, दोघांनी डाग बघून अंदाज बांधला.

म्हणून पहिली पायरी तुमच्या घरात, कुणाची परवानगी न मागता. ठिबकण्याच्या जागी फनेल लावून खाली मिलिलिटरच्या खुणा असलेली लिटरची बाटली टांगा. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा या वेळी किती मिलिलिटर जमलं ते लिहा आणि बाटली रिकामी करा. सोबत पाऊस होता का, टाकीत पाणी होतं का, हे लिहा. किमान आठ दिवस. छताला ओल आहे पण थेंब पडत नाहीत, तर खडूने एकेक फुटाची जाळी आखून त्याच बिंदूंवर ओलावा मोजणारं पिनांचं मीटर रोज लावा. त्या मीटरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही, प्लास्टरमध्ये क्षार फुलले असतील तर तो उगाच जास्त दाखवतो. कालच्यापेक्षा आज वाढला की घटला, एवढंच बघा.

वहीत बहुतेक वेळा तीनपैकी एक नमुना दिसतो. रात्रंदिवस जवळपास सारखंच पाणी जमत असेल, तर संशय पुरवठ्याच्या लाइनवर. सकाळच्या अंघोळीनंतर तासा-दोन तासांत वाढतं आणि रात्री उतरतं, तर नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीखालचं भांडं), ड्रेनेजचा सांधा किंवा फरशी. पावसात वाढतं, उघडीप पडली की आटतं, तर बाहेरची भिंत, डक्ट किंवा खिडकीचा छज्जा, आणि मग काकांचा संबंध जवळजवळ संपला. मात्र खड्डा तुडुंब भरलेला असेल तर ड्रेनेजची गळतीसुद्धा रात्रंदिवस सारखी दिसते. त्यामुळे या वहीवरून कुणावर आरोप करायचा नाही, कुठली चाचणी आधी घ्यायची एवढंच ठरवायचं.

डक्टमध्येही एकदा टॉर्च मारून बघा. पाइपच्या सांध्यावर शेवाळ, भिंतीवर ओलीचा पट्टा किंवा सांध्यात रुजलेलं पिंपळाचं रोप दिसलं, तर तो सामाईक भाग सोसायटीने आधी दुरुस्त करून घ्यावा. पिंपळाचं मूळ सांध्यात शिरलं की नुसतं वरून खुडून उपयोग नसतो, तो सांधाच बदलावा लागतो.

आता काकांकडे जायचं. इथेही बोलावं लागेल, पण मुद्दे मांडायला नाही, प्रश्न विचारायला. "काका, तुमच्याकडून येत नसेल तर ते एकदा पक्कं व्हावं, म्हणजे मी तुमच्या मागे लागणार नाही. काय दिसलं तर तुम्हाला पटेल की येतंय? आणि काय दिसलं तर मी मान्य करायचं की येत नाही?" दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो स्वतःला आधी विचारून जा. कुठलाही निकाल आला तरी आपण मागे हटणार नाही असं आतून वाटत असेल, तर चाचणीचा खर्च करू नका.

ठरेल ते एका कागदावर लिहा. कुठली चाचणी, कोणत्या क्रमाने, कधी, कोण घेणार, काय दिसलं तर काय समजायचं. प्लंबर दोघांच्या पसंतीचा, त्याची फी सध्या निम्मी-निम्मी, निकालानंतर ज्याच्याकडचा दोष निघेल त्याच्याकडे. सामाईक पाइपचा दोष निघाला तर सोसायटीकडे. "पूर्वीपासून गळतंय", "निष्काळजीपणामुळे" असे शब्द कागदावर नकोत. दोघांची सही आणि सेक्रेटरी किंवा समितीतल्या एका सदस्याची साक्षीदार म्हणून. ग्रुपवर यातलं काही टाकू नका. चाळीस घरं बघत असताना माघार घेणं कुणालाही जड जातं, आणि तुम्हाला तर त्यांना माघार घ्यायला सोपं करायचं आहे.

पहिली चाचणी पुरवठ्याच्या लाइनची. टाइल्स फोडाव्या लागत नाहीत आणि बाथरूम ओलं होत नाही, म्हणून ती पहिली. बाथरूमचा स्टॉप कॉक, म्हणजे आत येणारं पाणी तोडायचा मुख्य कॉक, बंद करायचा. वर्षानुवर्षं न फिरवलेला जुना कॉक एकतर तुटतो किंवा "पास होतो", म्हणजे बंद करूनही थोडं पाणी सोडतो. तसा असेल तर आधी नवा बॉल व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर पुढचा सगळा खटाटोप वाया. नळ काढून त्या जागी टेफलॉन टेप गुंडाळलेले प्लग लावा, कारण नळाचा वॉशर गळला तरी दाब उतरतो आणि दोष लाइनवर जातो. गिझर काढून त्याची गरम आणि थंड टोकं एका लवचीक नळीने जोडा, म्हणजे दोन्ही लाइन एकदम तपासल्या जातात आणि गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मध्ये येत नाही. फ्लश टँकचा अँगल कॉकही काढून प्लग.

मग दाब दाखवणारा काटा असलेला, हाताने चालवायचा प्रेशर पंप जोडायचा. किती दाब द्यायचा? पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. चौथ्या मजल्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत पंधरा मीटर धरले तर रोजचा दाब दीड किलो. त्याच्या दीडपट म्हणजे सव्वादोन, अडीच किलो पुरे. नव्या सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) लाइनला यापेक्षा बराच जास्त दाब देतात, पण पंचवीस वर्षांच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपला तो दिला तर आज न गळणारी जागाही फुटेल आणि काका म्हणतील तुम्हीच पाइप फोडलात. तसं म्हणाले तर बरोबरच असेल. पंप चालवताना लांबच्या टोकाचा प्लग सैल करून हवा काढून टाका. हवा राहिली की काटा पहिल्या पाच-दहा मिनिटांत थोडा खाली सरकतो आणि उगाच आरडाओरडा होतो. दाब पुन्हा पूर्ण करा, पंपाकडचा कॉक बंद करा आणि अर्धा तास बघा. काटा जागचा हलला नाही तर पुरवठ्याची लाइन निर्दोष. सरळ उतरत गेला तर गरम आणि थंड लाइन वेगळ्या करून पुन्हा तपासा.

चाचणी घेताना माणसांची अदलाबदल करा. तुम्ही वर जाऊन काटा बघायचा आणि काकांनी तुमच्या बाथरूममध्ये उभं राहून छताकडे बघायचं. मोबाईलवरच्या फोटोत कुणी काहीही केलेलं असू शकतं असा संशय घेता येतो. आपल्या डोक्यावर पडलेल्या थेंबाबद्दल तो घेता येत नाही. आणि तुम्हालाही कळेल की त्यांची फरशी खरोखर कोरडी आहे, ते उगाच म्हणत नव्हते.

लाइन निर्दोष निघाली तर ड्रेनेज. फरशी ओली होऊ न देता नळी थेट नहाणी ट्रॅपच्या तोंडात घाला आणि वीस लिटरच्या आठ-दहा बादल्या पंधरा-वीस मिनिटांत ओता. ट्रॅप आणि पाइपचा सांधा ही सगळ्यात दुबळी जागा. प्लास्टिकच्या ट्रॅपला सिमेंट धरत नाही, काही वर्षांनी भोवती केसाएवढी फट पडते आणि प्रत्येक अंघोळीचं थोडं पाणी तिथून खड्ड्यात उतरतं. मग बेसिनच्या वेस्टमधून तसंच, आणि शेवटी कमोडचा फ्लश आठ-दहा वेळा. दोन प्रकारांमध्ये दोन दिवस सोडा आणि त्या दिवसांत बाटलीची नोंद चालू ठेवा. घाई करून एकाच दुपारी सगळीकडे पाणी ओतलं तर खाली थेंब वाढतील, पण कशामुळे ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि तुम्ही पुन्हा वादावर याल. या चाचण्या फसतात त्या बहुधा इथेच.

तिसरी फरशीची. ट्रॅप रबरी टेस्ट प्लगने बंद करायचा. दाराच्या उंबऱ्याशी बाथरूम जेमतेम इंचभर खाली असतं, म्हणून तिथे विटा आणि सिमेंटचा तात्पुरता बांध घाला. मग दीड-दोन इंच पाणी भरा. दोन इंच पाण्याचं वजन चौरस मीटरला ५० किलो. घराचा स्लॅब साधारण २०० किलोच्या भारासाठी काढलेला असतो, म्हणून ठीकठाक स्लॅबला ते जड नाही, पण त्याहून जास्त भरू नका. भिंतीवर पेन्सिलने पातळी आखा. शेजारी स्टुलावर एका परातीत तेवढंच पाणी ठेवा आणि त्याचीही पातळी आखा. चोवीस तासांनी दोन्ही मोजा. परातीतलं दोन मिलिमीटर उतरलं तर ते हवेत गेलं. फरशीवरचं सात उतरलं असेल तर उरलेले पाच मिलिमीटर खाली गेले, आणि या आकाराच्या बाथरूमला पाच मिलिमीटर म्हणजे तेरा लिटर. मात्र प्लग पास होत नाही ना, हे डक्टमधल्या पाइपचं तोंड किंवा चेंबर बघून आधी खात्री करून घ्या.

यात एक गोष्ट कागदावर आधीच लिहिलेली असावी लागते. फरशीची गळती पकडली जाते ती वरच्या पाण्याच्या पातळीवरून. खड्डा त्या वेळी कोरडा असेल तर तेरा लिटर पाणी आधी भरावात मुरतं आणि तुमच्या छताला चोवीस तासांत काहीच दिसत नाही. खाली यायला तीन-चार दिवस लागू शकतात. हे ठरलेलं नसेल तर काका म्हणतील, "बघा, चोवीस तास भरून ठेवलं, एक थेंब आला नाही." पातळी उतरली की गळती धरायची, आणि पाणी काढल्यावर आणखी चार दिवस खालची नोंद ठेवायची, हे दोन्ही लिहून घ्या.

पाण्यात रंग मिसळून तपासण्याबद्दल लोक नेहमी विचारतात. रंग वापरा, पण त्याचा निकाल एकाच बाजूने खरा असतो. फ्लुरोसीन नावाच्या रंगाची चिमूट बादलीभर पाण्याला हिरवं करते आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली अगदी थोडं असलं तरी चमकतं. वर ओतलेला हिरवा रंग खाली दिसला, तर वाद संपला. नाही दिसला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण विटांचा भराव आणि चुना रंग धरून ठेवतात, आणि खड्ड्यात साचलेलं जुनं पाणी आधी बाहेर पडतं. टाइल्सच्या सांध्यांत भरलेल्या पांढऱ्या ग्राउटवर डाग राहू शकतो, म्हणून परवानगी घेऊनच. क्लोरीन तपासायच्या पिवळ्या थेंबांचंही असंच आहे. ठिबकणाऱ्या पाण्याला पिवळी झाक आली तर ते बरंचसं ताजं, पुरवठ्याचं पाणी. नाही आली तर निष्कर्ष नाही.

थोडक्यात क्रम असा: आठ दिवस नोंद, डक्टची पाहणी, पुरवठ्याची लाइन, ड्रेनेज, फरशी, मध्ये कोरडे दिवस. सगळं मिळून तीन आठवडे लागतात. आठ महिने भांडून झालेल्यांना हे जास्त वाटू नये.

हे तुमच्या इमारतीला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. नव्या उंच इमारतींत बुडवलेला स्लॅब नसतो, वरच्यांचे ड्रेनेजचे पाइप तुमच्या फॉल्स सीलिंगच्या वर लटकलेले असतात. तिथे एक पॅनेल काढून सांधे टिश्यू पेपरने पुसून बघितलं की अर्धा निकाल दहा मिनिटांत लागतो. काकांनी मधल्या काळात बाथरूम नव्याने करताना जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवल्या असतील, तर दोन थरांमधून पाणी फिरून भलतीकडे निघतं आणि फरशीची चाचणी जास्त दिवस चालवावी लागते. ओल नुसत्या भिंतीला असेल, तर तिथे दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. प्लास्टिकच्या मागे पाणी धरलं तर ते भिंतीतून येतंय, पुढच्या बाजूला धरलं तर ती खोलीतली वाफ आहे आणि तुम्हाला एक्झॉस्ट फॅनची गरज आहे, काकांची नाही.

दोष काकांकडे निघाला, तर त्या क्षणी गप्प राहा. "मी म्हणत होतोच" हे वाक्य फार महागात पडतं, कारण पुढचे तीन आठवडे दुरुस्ती त्यांच्या घरात त्यांच्या मर्जीने होणार आहे. त्यांच्याकडून कबुलीचं पत्रही मागू नका. काम कधी सुरू होईल ती तारीख मागा. आणि कमीत कमी तोडफोडीचा मार्ग सुचवा. भिंतीतली लाइन गळत असेल तर ती शोधत बसू नका. दोन्ही टोकांना बंद करून सीपीव्हीसीची नवी लाइन भिंतीवरून उघडी फिरवली की एक-दोन दिवसांत काम होतं, टाइल फुटत नाही. ट्रॅपचा सांधा असेल तर भोवतीची दीड फूट चौकोनी जागा उघडून होतं. फरशीचे सांधे झिजले असतील तर आधी ग्राउट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून बघता येतं, त्यावर किमान चोवीस तास पाणी पडू द्यायचं नाही. ते पुरलं नाही तरच खड्डा रिकामा करून नवं वॉटरप्रूफिंग, आणि त्यात टाइल्स बसवायच्या आधी ४८ तास पाणी भरून ठेवण्याची अट ठेकेदाराच्या कागदावर घ्या.

तुमच्या छताला खालून भोकं पाडून पीयू (पॉलियुरेथेन रसायनाचं) इंजेक्शन मारायला सांगणारे येतील. स्लॅबची भेग त्याने बुजते, पण पाण्याचा उगम वर तसाच राहतो. साचलेलं पाणी दुसरी वाट शोधतं, बहुधा तुमच्याच हॉलच्या भिंतीत. उगम बंद झाल्यावर मारलं तर उपयोगी, आधी मारलं तर पैसे गेले.

काकांनी चाचणीच नाकारली तर? तेव्हाही वाद वाढवायचा नाही, कागद वाढवायचा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेक्रेटरी समितीच्या सदस्यासह, आधी कळवून, फ्लॅटमध्ये येऊन दुरुस्तीची गरज तपासू शकतो आणि कुठला खर्च संस्थेचा, कुठला सदस्याचा, याचा अहवाल समितीला देतो. त्याच उपविधींत पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेच्या खर्चात धरली आहे, आणि संडास, सिंक वगैरेंची आतली गळती संबंधित फ्लॅटधारकांनी संस्थेच्या मध्यस्थीने निस्तरायची आहे. तुमच्या संस्थेने स्वीकारलेली प्रत काढून शब्द तपासा आणि बाटलीच्या नोंदींची प्रत जोडून समितीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्यापुढे सहकार न्यायालय आहे. वकिलाची नोटीस या टप्प्यावर, याआधी नाही. नोटीस गेली की काकांचा वकील त्यांना पहिला सल्ला देईल तो कुणालाही घरात घेऊ नका, आणि तुमची चाचणीच बंद होईल. न्यायालयातसुद्धा शेवटी कुणीतरी तज्ज्ञ येऊन ट्रॅपमध्ये पाणीच ओतणार आहे.

राहिलं तुमचं छत. दुरुस्तीनंतरही बाटली लावून ठेवा. पाणी हळूहळू कमी होत शून्यावर आलं पाहिजे, मोठ्या खड्ड्याला त्यासाठी महिना-दीड महिना लागतो. मध्येच अचानक वाढलं तर ते साचलेलं पाणी नव्हे, तेव्हा काकांना कळवा. सलग पंधरा दिवस शून्य आलं की सुटलेलं प्लास्टर काढा, सळई दिसत असेल तर वायर ब्रशने गंज काढून गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर. रंग सगळ्यात शेवटी, प्लास्टर पूर्ण वाळल्यावर. ओल्या छतावर मारलेला रंग पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरतो, आणि ते पाहून पुन्हा काकांचं दार वाजवायचा मोह होतो. छताच्या या खर्चाचं काय करायचं तेही सुरुवातीच्या कागदावर एका ओळीत लिहून ठेवा. काम संपल्यावर तो विषय काढला तर वेगळं भांडण सुरू होतं.